गोळ्या सुरू झाल्या आणि चट्टा उठला

(युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आज मी ज्या दोन आजारांबद्दल बोलणार आहे, त्यांची नावं घेताना आपल्या घरांत आवाज आपोआप खाली येतो. एक कुष्ठरोग, दुसरा एचआयव्ही. मी त्वचारोगाची डॉक्टर. सरकारी रुग्णालयात आमच्या विभागाच्या पाटीवर 'त्वचा व गुप्तरोग' असं लिहिलेलं असतं, त्यामुळे हे दोन्ही आजार एकाच खोलीत माझ्यासमोर येतात. कधी कधी एकाच माणसात येतात. असे रुग्ण फार नसतात. पण त्यांच्या बाबतीत एक गल्लत पुन्हा पुन्हा होते आणि त्या गल्लतीत हात जातो, पाय जातो. ही गल्लत दवाखान्यापेक्षा घरात जास्त होते, म्हणून ती तुमच्यासमोर मांडायची आहे.

आधी शब्दांचा गोंधळ दूर करू. आपल्या घरांत मराठीही चालते आणि उर्दू-दखनीही. मराठीत 'कोड' म्हणजे पांढरे डाग. त्यात कातडीचा रंग जातो, स्पर्श शाबूत राहतो आणि ते कुणाला लागत नाहीत. उर्दू-हिंदीत 'कोढ' म्हणजे मात्र कुष्ठरोग. अरबीत दोन शब्द वेगळे आहेत : 'बरस' म्हणजे पांढरे डाग, 'जुजाम' म्हणजे कुष्ठरोग. हजरत ईसांच्या हातून बरे होणाऱ्यांचा उल्लेख कुरआनात आहे, तिथे 'अबरस' असा शब्द आहे, पण कित्येक भाषांतरांत त्याचा 'कुष्ठरोगी' होतो. या घोटाळ्याची किंमत दोन्हीकडून मोजावी लागते. पांढरे डाग असलेल्या मुलीचं लग्न 'कोढ आहे' म्हणून मोडतं. आणि खरोखर कुष्ठरोगाचा चट्टा असलेला माणूस निवांत असतो, कारण त्याचा चट्टा पांढराशुभ्र नसतो. फिकट किंवा लालसर असतो, खाजत नाही, दुखत नाही.

न दुखणं हीच तर या आजाराची खूण. १८७३ साली नॉर्वेत हॅन्सन यांनी याचा जंतू शोधला. हा जंतू टीबीच्या जंतूच्या भाऊबंदांपैकी, पण कमालीचा सुस्त. एकाचे दोन व्हायला त्याला जवळजवळ दोन आठवडे लागतात. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीससुद्धा. तो कातडीत आणि नसांत राहतो. नसा म्हणजे रक्ताच्या नव्हेत, स्पर्श आणि ताकद पोचवणाऱ्या, ज्यांना आपण मज्जातंतू म्हणतो. आपल्यातल्या बहुतेकांच्या शरीरात या जंतूला तोंड देण्याची ताकद जन्मतःच असते, त्यामुळे तो फारच थोड्यांना आजारी पाडतो. २००५ च्या डिसेंबरात भारताने जाहीर केलं की सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून कुष्ठरोग आता उरलेला नाही. याचा तांत्रिक अर्थ दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, एवढाच होता. लोकांनी आणि खरं सांगायचं तर बऱ्याच डॉक्टरांनीही त्याचा अर्थ 'संपला' असा घेतला. जगात दरवर्षी जे नवे रुग्ण सापडतात, त्यांतले निम्म्याहून जास्त आजही आपल्या देशातले आहेत. आणि एचआयव्हीसह जगणारे सर्वाधिक लोक ज्या राज्यांत आहेत, त्यांत महाराष्ट्र वरच्या क्रमांकावर आहे.

ऐंशीच्या दशकात एचआयव्ही आला तेव्हा जाणकारांना धास्ती वाटली. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती ढासळते आणि मग टीबी उसळतो, हे दिसतच होतं. मग त्याचा भाऊबंद का मागे राहील? पण तसं घडलं नाही. आफ्रिकेत, ब्राझीलमध्ये, आपल्याकडे पाहणी झाली, एचआयव्हीमुळे कुष्ठरोगाची लाट आल्याचं आढळलं नाही. एचआयव्ही असलेल्यांचा कुष्ठरोग सरसकट उग्र प्रकारचाही निघाला नाही. याचं एक स्पष्टीकरण असं देतात, की जंतूच इतका सावकाश वाढणारा, की तो डोकं वर काढायच्या आधी त्या काळात माणूसच जायचा. भयंकर आहे, पण पटण्यासारखं आहे.

मग औषधं आली. आपल्या देशात १ एप्रिल २००४ पासून एआरटी सरकारी केंद्रांतून मोफत मिळू लागली. माणसं जगू लागली, वजन वाढलं, कामावर परतली. आणि त्याच सुमारास एक विचित्र गोष्ट दिसू लागली. एआरटी सुरू केल्यावर काही आठवड्यांत, काही महिन्यांत काहींच्या अंगावर कुष्ठरोगाचे चट्टे उठू लागले. साधे नव्हेत, लाल, सुजलेले, कधी फुटून जखम झालेले. लंडनमधल्या अशा एका रुग्णाची नोंद २००३ साली प्रसिद्ध झाली आणि मग ब्राझीलमधून, भारतातून तसेच रुग्ण समोर येऊ लागले.

हे का होतं, ते नीट समजून घ्या, कारण आजचं माझं सगळं बोलणं यावर उभं आहे. कुष्ठरोगात जी सूज, जो लालपणा, जी नसांची हानी दिसते, त्यातला मोठा भाग जंतू करत नाही. जंतूशी लढणारी आपलीच प्रतिकारशक्ती करते. घरात चोर शिरून बसलेला आहे, पण राखणदार आजारी पडून झोपलेला आहे, अशी कल्पना करा. घर शांत आहे. एआरटी म्हणजे त्या राखणदारावरचा उपचार. तो जागा होतो, चोर त्याच्या नजरेस पडतो, झटापट होते आणि चार भांडी फुटतात. बाहेरून बघणाऱ्याला काय वाटतं? राखणदार उठला आणि भांडी फुटली, म्हणजे दोष राखणदाराचा. म्हणून लोक राखणदारालाच घालवून देतात. गोळ्या बंद करतात.

यंत्रमागावर काम करणारा एक तरुण माझ्याकडे आला होता. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगते. एआरटी सुरू होऊन चार महिने झाले होते, तब्येत सुधारली होती. गालावर एक चट्टा उठला, मग कोपराजवळ दुसरा. तुटलेल्या धाग्याला गाठ मारताना करंगळी साथ देईना. घरच्यांनी ठरवलं, ही औषधाची गर्मी. वस्तीतल्या दवाखान्यात गजकर्ण म्हणून मलम मिळालं. तिथे त्याने एचआयव्हीचं सांगितलं नव्हतं. गर्मी उतरावी म्हणून त्याने एआरटी थांबवली. सहा आठवडे. माझ्याकडे आला तेव्हा कोपराच्या आतली नस सुतळीसारखी जाड लागत होती आणि करंगळी व तिच्या शेजारचं बोट वाकायला लागलं होतं. त्याने आयुष्यात आधी कधी चट्टा पाहिला होता का, असं विचारलं. बराच वेळ आठवून म्हणाला, पाठीवर एक फिकट डाग होता, बायको म्हणायची, पण तो कधी खाजला नाही.

त्याची एआरटी पुन्हा सुरू केली. कुष्ठरोगाची औषधं सुरू केली. नसेची सूज उतरवण्यासाठी प्रेडनिसोलोन सुरू करून काही महिन्यांत हळूहळू उतरवत आणलं. तो आता माग चालवतो. हात बराच सुधारला आहे, करंगळी मात्र पूर्ण सरळ झालेली नाही. नसेची हानी ताजी असेल, सहा महिन्यांच्या आतली, तर या औषधाने ती परत फिरण्याची बरीच शक्यता असते. त्यानंतर दार बंद होत जातं.

आता ओळखायचं कसं? कुष्ठरोगाची मुख्य लक्षणं तीन. पहिलं, ज्यावर संवेदना नाही असा फिकट किंवा लालसर चट्टा. दुसरं, जाड झालेली नस आणि ती जिथे जाते तिथला बधिरपणा किंवा अशक्तपणा. तिसरं, कातडीला बारीक छेद घेऊन केलेल्या तपासणीत सापडलेला जंतू. या तिन्हींतलं एकही पुरेसं असतं. एचआयव्ही असला तरी हीच लक्षणं, हाच निकष. पहिल्या लक्षणाची तपासणी कापसाच्या टोकाने किंवा बॉलपेनच्या टोकाने होते : रुग्णाने डोळे मिटायचे, तपासणाऱ्याने हलकेच टेकवायचं, रुग्णाने बोटाने जागा दाखवायची. एवढी साधी गोष्ट आहे. पण ती होत नाही, कारण एचआयव्ही असलेल्या माणसाच्या कातडीवर काही उठलं की मनात आधी दुसरी दहा नावं येतात : बुरशी, शिबं, औषधाची ॲलर्जी, कोंड्याचा प्रकार. ती नावं चूक नसतात, तसे आजार होतातच. प्रश्न एवढाच की कापूस टेकवून पाहिला का?

बधिरपणाचंही तसंच. एचआयव्हीमुळे आणि काही औषधांमुळे पाय बधिर होतात, टीबी होऊ नये म्हणून देतात त्या आयसोनियाझिडमुळेही होऊ शकतात. त्यामुळे 'पाय बधिर आहे' म्हटलं की 'औषधाचं आहे' असं उत्तर तयार असतं. फरक असा : एचआयव्हीचा किंवा औषधाचा बधिरपणा बहुधा दोन्ही पायांत सारखाच, बोटांपासून वर चढत जातो, तळव्यांची आग होते. कुष्ठरोग असमान असतो. एका हाताची दोन बोटं, एकाच पायाची बाहेरची बाजू. चालताना एकाच पायातली चप्पल निसटते आणि कळत नाही, डोळा पूर्ण मिटत नाही, अशी तक्रार असेल तर औषधाला दोष देऊन गप्प बसू नका.

एआरटी घेणाऱ्या तुमच्या ओळखीच्या कुणाच्या अंगावर चट्टा उठला, तर त्याला दोन गोष्टी सांगा. गोळ्या स्वतःहून थांबवू नकोस आणि या आठवड्यातच दाखव. अपवाद एकच. नवं औषध सुरू झाल्यावर ताप, अंगभर पुरळ, तोंडात फोड, डोळे पिवळे, असं काही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालयात जायचं, पुढचा डोस डॉक्टरांना विचारूनच. कुष्ठरोगाच्या औषधांतल्या डॅप्सोनमुळे क्वचित असं होतं, बहुधा पहिल्या काही आठवड्यांत.

उपचार तोच आहे, जो इतर सगळ्यांना देतात. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेला बहुविध औषधोपचार, ज्याला सगळे एमडीटी म्हणतात. असांसर्गिक प्रकाराला सहा महिने, सांसर्गिकला बारा महिने. पाकीट सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. एचआयव्ही आहे म्हणून कुष्ठरोग बरा होत नाही, असं मुळीच नाही. आणि औषध सुरू झालं की माणूस लवकरच इतरांना संसर्ग देईनासा होतो.

मात्र दोन्ही उपचार देणाऱ्यांना एकमेकांची माहिती हवी. इथेच खरी अडचण आहे. एआरटी केंद्राची फाइल वेगळी, कुष्ठरोगाचं कार्ड वेगळं. रुग्ण काय करतो? एचआयव्हीचं कुष्ठरोगवाल्यांना सांगत नाही, कुष्ठरोगाचं एआरटीवाल्यांना सांगत नाही. एक बदनामी कशीबशी पेलली आहे, दुसरी कशाला? मी त्याला दोष देत नाही. पण औषधांना ही लपवाछपवी कळत नाही. डॅप्सोनने रक्त कमी होतं, झिडोव्हुडिननेही होतं. दोन्ही एकत्र चालू असतील तर हिमोग्लोबिन वरचेवर पाहावं लागतं, कधी औषध बदलावं लागतं. टीबीत रिफाम्पिसिन रोज असतं, ते डोल्युटेग्राविरचा असर कमी करतं म्हणून त्याचा डोस दुप्पट करतात. कुष्ठरोगात रिफाम्पिसिन महिन्यातून एकदाच असतं, त्यामुळे सहसा एआरटी बदलावी लागत नाही. पण टीबी आणि कुष्ठरोग दोन्ही असतील तर हिशेब पुन्हा वेगळा. प्रेडनिसोलोन सुरू करण्याआधी टीबी लपलेला नाही ना, साखर किती आहे, हे बघावं लागतं. यातलं काहीच अवघड नाही, समोरच्या डॉक्टरला माहीत असेल तर.

इथे कायदा तुमच्या बाजूने आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध कायदा २०१८ च्या सप्टेंबरपासून लागू झाला. संमतीशिवाय चाचणी नाही, संमतीशिवाय गौप्यस्फोट नाही. उपचार करणाऱ्या दोन डॉक्टरांना उपचारापुरती माहिती देता-घेता येते, वॉर्डात ओरडून सांगता येत नाही. कुष्ठरोग झालेल्या प्रत्येकाला एचआयव्ही चाचणी सुचवावी, लादू नये, असं माझं मत आहे. चट्टे फुटत असतील तर मी आग्रहाने सुचवते.

एका गोळीबद्दल स्वतंत्र सांगते, कारण तिच्यामुळे उपचार सुटतात. क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते. चेहरा सावळा, तांबूस-काळा होतो. उपचार संपल्यावर काही महिन्यांत रंग परततो. पण तोवर मोहल्ल्यात चार जण विचारतात, 'क्या हुआ रे तेरे को?' आणि ज्याच्या पोटात आधीच एक गुपित आहे, त्याला तो प्रश्न सहन होत नाही. विचारणारे बहुधा आपणच असतो.

आता हात-पाय. नस एकदा गेली तर चटका कळत नाही, खिळा कळत नाही. बधिर पायाच्या माणसाने रोज पाय पाहावेत, पाण्यात भिजवावेत, तेल लावावं, असं आम्ही सांगतो आणि लोक विसरतात. पण वुजू करणारा माणूस दिवसात पाच वेळा हात-पाय धुतो! त्या वेळी बोटांच्या बेचकीत, तळव्याला, घोट्याला नजर टाका. फोड, लाली, चीर दिसली की त्या दिवशी त्या पायावर भार नको. हिवाळ्यात वुजूचं गरम पाणी बधिर हाताने तपासू नका, दुसऱ्या कुणाला हात घालून पाहायला सांगा. नमाजमध्ये बसताना बाहेरचा घोटा आणि पायाची बोटं जमिनीवर दाबली जातात. बधिर पायाला तिथे जखम होते आणि चिघळते. जाड चटई घ्या, जखम असेल तर खुर्चीवर बसून नमाज पढा, आजारी माणसाला ती सवलत आहेच. उन्हाळ्यात मशिदीच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालू नका. आणि मऊ रबराची जी एमसीआर चप्पल सरकारी दवाखान्यातून मिळते, ती बाहेर ठेवली तर नमाज होईपर्यंत बदलून जाते, हा माझ्या रुग्णांचा अनुभव! पिशवीत घालून आत घ्या.

रमजानात रुग्ण मला विचारतात. दिवसातून एकदाच घ्यायच्या गोळ्या असतील तर इफ्तारनंतरची ठरावीक वेळ डॉक्टरांशी बोलून पक्की करता येते. प्रेडनिसोलोन चालू असेल, अशक्तपणा असेल तर रोजे पुढे ढकलण्याची मुभा धर्मानेच दिली आहे.

धर्माचा विषय निघालाच आहे. हदीसच्या ग्रंथांत जुजामच्या रुग्णापासून लांब राहायला सांगणारी रिवायत आहे आणि पैगंबरसाहेबांनी अशाच रुग्णाचा हात धरून त्याला आपल्याबरोबर जेवायला बसवल्याचीही रिवायत आहे. पहिली मोहल्ल्यात सगळ्यांना पाठ, दुसरी क्वचितच कुणी सांगतं. आठव्या शतकाच्या सुरुवातीला उमय्या खलिफा अल-वलीद याने दमास्कसमध्ये कुष्ठरुग्णांना भीक मागावी लागू नये म्हणून सरकारी खजिन्यातून तनखा बांधून दिल्याचं इतिहासकारांनी नोंदवलं आहे. जुम्म्याच्या खुतब्यात हे यायला हरकत नाही. तुमच्या मशिदीच्या इमामांशी बोला, बहुतेक जण ऐकतात.

आणि आपला स्वतःचा कायदा. १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात नवऱ्याचा कुष्ठरोग हे पत्नीला तलाक मागण्याचं एक कारण होतं. २०१९ साली संसदेने ते काढलं. हिंदू विवाह कायद्यातून, विशेष विवाह कायद्यातूनही काढलं. पत्नीचा एक हक्क कमी झाला, अशी तक्रार मी ऐकली आहे. मला ती पटत नाही. सहा-बारा महिन्यांत बऱ्या होणाऱ्या आजारावर संसार मोडायचं कारण कायद्याने का पुरवावं? त्या कायद्यातली बाकीची कारणं स्त्रीला शाबूत आहेत. माझी चिंता उलट बाजूची आहे. चट्टा बाईला असेल तर कायद्याची वाट कोण पाहतं? तिला 'थोडे दिवस' म्हणून माहेरी पाठवतात आणि ते दिवस संपत नाहीत. बायकांचे चट्टे उशिरा सापडतात, त्याचं कारणही साधं आहे. अंगभर कपडा आणि तपासणारा पुरुष. शोधमोहिमेत दारात आशाताई येते, तेव्हा 'हमारे यहाँ कोई नहीं' म्हणून दार लावू नका. आईला, बहिणीला, खालाला आत खोलीत तिच्याकडून पाठ तपासून घेऊ द्या. पाठ स्वतःला दिसत नाही.

घरात कुणाला निदान झालं तर बाकीच्यांनाही तपासून घ्या. घरातल्यांना रिफाम्पिसिनचा एक डोस प्रतिबंधासाठी देतात, त्याआधी टीबीची विचारपूस करतात. तिथेही खरं सांगा. चट्ट्यासाठी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, एचआयव्हीसाठी जिल्हा रुग्णालयातलं एआरटी केंद्र, आणि कुठे जावं हेच कळत नसेल तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन, जिथे नाव सांगावं लागत नाही.

प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्या, नाव लिहू नका. कुणाला चट्टा दाखवायचा असेल तर मी जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या खोलीत बसले आहे. कापूस आणि पेन बरोबर आणलं आहे.